एसआर-१३ : खपली गव्हातील एका जनुकाची कुळकथा

गव्हाच्या खोडावर येणाऱ्या काळ्या तांबेऱ्याला इंग्रजीत स्टेम रस्ट म्हणतात आणि त्याला रोखणारी जनुके या नावाच्या आद्याक्षरांनी, म्हणजे 'एसआर' अशी, क्रमांकासह ओळखली जातात. त्यांपैकी एसआर-१३ या जनुकाचा माग काढत गेल्यास तो कॅलिफोर्निया, सिडनी आणि मिनेसोटा असा मागे सरकत अखेर भारतातून गेलेल्या, किंबहुना आपले मराठी नाव घेऊनच गेलेल्या खपली गव्हापाशी येतो. मळणीनंतरही या गव्हाच्या दाण्याला टरफल घट्ट बिलगून राहते, म्हणून खिरीसाठी तो उखळात कांडून आणि सुपात पाखडून घ्यावा लागतो.

रोगाला दाद न देण्याचा गुण आनुवंशिकतेच्या नियमांनी पुढच्या पिढीत उतरतो, हे केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये पिवळ्या तांबेऱ्याच्या बाबतीत दाखवून दिले होते. परंतु तांबेऱ्याची बुरशी एकजिनसी नसून तिचे अनेक वंश असतात आणि एका वंशापुढे टिकणारा गहू दुसऱ्यापुढे बळी पडतो, ही अडचण लवकरच लक्षात आली. हे वंश ओळखण्यासाठी मिनेसोटा येथील एल्विन स्टॅकमन आणि मोझेस लेव्हिन यांनी १९२२ मध्ये बारा गव्हांचा एक संच ठरवला, ज्यात खपलीचाही समावेश होता. बळी पडणाऱ्या गव्हावर विटकरी भुकटीने भरलेल्या लांबट पुळ्या फुटत, तर खपलीवर अनेक वंशांची लागण बारीक ठिपक्यांपलीकडे सरकत नसे.

हा गुण पोळी-पावाच्या गव्हात आणणे सोपे नव्हते, कारण खपलीच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात, तर साध्या गव्हाच्या पेशीत ४२, आणि अशा विषम संकरातून निपजलेली रोपे बहुधा वांझ राहतात. तरीही सिडनी विद्यापीठातील वॉल्टर वॉटरहाउस यांनी स्टाइनवेडेल या गव्हाशी खपलीचा संकर करून 'खपस्टाइन' हा फलनक्षम गहू तयार केला आणि १९३३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एसआर-१३ हे जनुक ज्या गुणसूत्रावर आहे, ते '६ए' दोन्ही गव्हांत समान असल्यामुळे हे स्थलांतर शक्य झाले.

युगांडात १९९८ मध्ये आढळलेल्या आणि पुढे 'यूजी-९९' या नावाने ओळखल्या गेलेल्या वंशाने राय या धान्यातून गव्हात आणलेले एसआर-३१ हे मोठ्या भरवशाचे जनुक निष्प्रभ केले, तेव्हा जुन्या जनुकांची नव्याने झडती सुरू झाली आणि एसआर-१३ यूजी-९९ गटाला रोखते, हे स्पष्ट झाले. होर्हे डुबकोव्स्की यांच्या कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील प्रयोगशाळेने व तिच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या जनुकाची नेमकी रचना उलगडली. ज्या झाडांत जनुक बिघडले ती रोगाला बळी पडली, आणि ज्या दुबळ्या गव्हात ते घातले तो रोगाला तोंड देऊ लागला, या दुहेरी पुराव्याने ओळख पक्की झाली. हे जनुक पेशीत पहारेकरी प्रथिन घडवते. बुरशीची चाहूल लागताच हे प्रथिन लागण झालेल्या जागेच्या पेशींना मरू देते, आणि जिवंत पेशींवरच पोसणारी बुरशी तेथेच उपाशी राहते. उबदार हवेत हा पहारा अधिक कडक असतो.

मात्र एसआर-१३ ला न जुमानणारे बुरशीचे वंशही इथिओपियात आढळले आहेत, म्हणून आज एकाच वाणात अनेक जनुके एकत्र गुंफण्याचा मार्ग धरला जातो. त्यासाठी जनुकांचा साठा हवा, आणि तो प्रयोगशाळेत निर्माण होत नाही, जुन्या वाणांत सापडतो. क्रमांक, नकाशे आणि अनुक्रम यांच्या कितीतरी आधी ज्या शेतकऱ्यांनी कांडण्याचे कष्ट सोसून खपली पिढ्यानुपिढ्या पेरली, त्यांनीच हे जनुक जगासाठी राखले. म्हणून गावोगावचे असे वाण पेरते ठेवणे हेही रोगप्रतिकाराचेच काम आहे.