मानेपलीकडचा ट्राउटमान

बर्ट ट्राउटमान हे नाव निघाले की मान निघतेच. 5 मे 1956 रोजी वेम्ब्लीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा हा जर्मन गोलरक्षक बर्मिंगहॅमच्या पीटर मर्फीच्या पायाशी झेपावला, मर्फीचा गुडघा त्याच्या मानेवर आदळला तेव्हा सामन्याची सतरा मिनिटे उरली होती. बदली खेळाडूची सोय त्या काळी नव्हतीच. तो तसाच उभा राहिला, आणखी गोल होऊ दिला नाही, आणि सिटीने 3-1 असा विजय मिळवला. मानेचा मणका मोडल्याचे चार दिवसांनी क्ष-किरण तपासणीत दिसले. प्रसंग खराच विलक्षण आहे, पण त्याने एक नुकसान केले. पंधरा वर्षांची, 545 सामन्यांची कारकीर्द या सतरा मिनिटांत कोंबली गेली. ट्राउटमानचे इतिहासातले स्थान त्याच्या मानेपेक्षा हातावर ठरायला हवे, असे माझे मत आहे.

यासाठी पहिला पुरावा एका तारखेचा. इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून ट्राउटमानची निवड केली ती या अंतिम सामन्याच्या आधी. हा मान मिळवणारा तो पहिलाच गोलरक्षक. म्हणजे मान मोडण्यापूर्वीच, आठवड्यामागून आठवडे त्याचा खेळ पाहणाऱ्यांनी आपला निकाल दिला होता. त्यांनी पाहिले काय होते? नोव्हेंबर 1953 मध्ये हंगेरीने वेम्ब्लीवर इंग्लंडला 6-3 असे लोळवले. त्या संघाचा मध्य आघाडीपटू हिदेगकुटी पुढे न थांबता मागे सरकून खेळत असे. सिटीने हीच चाल उचलून डॉन रेव्हीला मागे आणले आणि तिला ‘रेव्ही प्लॅन’ हे नाव पडले. पण मागे आलेल्या रेव्हीपर्यंत चेंडू पोचायचा कसा? गोलरक्षकाने उंच लाथाडलेला चेंडू ज्याच्या वाट्याला येईल त्याचा, हा तोवरचा शिरस्ता इथे कुचकामी होता. ट्राउटमान चेंडू हाताने लांब आणि नेमका फेके, बहुधा संघातल्या केन बार्न्सकडे, आणि बार्न्सकडून तो रेव्हीकडे जाई. ब्रेमेनमधल्या लहानपणी तो ‘फोल्करबाल’ खेळला होता. चेंडू मारून समोरच्याला बाद करण्याचा हा खेळ आपल्या आबाधुबीच्या जातीचा. फेकीचे मूळ तिथले.

जाणकार लगेच विचारतील: हाताने चेंडू फेकणे सिटीत फ्रँक स्विफ्टने आधीच सुरू केले नव्हते का? केले होते, आणि ट्राउटमान ज्याच्या जागी आला तो गोलरक्षक स्विफ्टच होता. हंगेरीचा गोलरक्षक ग्रोशिच तर आपली जागा सोडून बचावपटूसारखा पुढे येई. तेव्हा शोधाचे श्रेय ट्राउटमानला देता येणार नाही, मलाही ते द्यायचे नाही. पण स्विफ्टची फेक हे एका माणसाचे कसब होते. ट्राउटमानची फेक ही संपूर्ण संघाच्या चालीची पहिली कडी झाली, आणि इतिहासात हा फरक मोठा असतो. 1955 चा अंतिम सामना सिटीने न्यूकॅसलविरुद्ध 1-3 असा गमावला, हेही खरे. मात्र जिमी मेडोज पहिल्या अर्ध्यातच जायबंदी झाल्याने सिटी दहा जणांनिशी खेळत होती. अशा सामन्यावरून कोणत्याही चालीचा निवाडा करू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. युद्धात जर्मन छत्रीसैनिक असलेल्या, लँकेशायरमधल्या ॲश्टनच्या युद्धकैदी छावणीत राहिलेल्या माणसाची गोष्ट निव्वळ तंत्रापुरती उरवणे हा कोतेपणा नाही का? 1949 मध्ये सिटीने त्याला घेतले तेव्हा सुमारे वीस हजारांचा निषेध मोर्चा निघाला होता. नाझींनी ज्यांचे आईवडील मारले ते मँचेस्टरचे रब्बी अलेक्झांडर आल्टमान यांनी खुले पत्र लिहून एका व्यक्तीला सगळ्या जर्मनांच्या पापाची शिक्षा देऊ नका असे बजावले. हे धैर्य आल्टमान यांचे, आणि समेटाच्या गोष्टीत पहिला मान त्यांचाच. ट्राउटमानचा वाटा मैदानावरचा. जानेवारी 1950 मध्ये लंडनला फुलहॅमविरुद्ध सिटी एका गोलने हरली, तरी त्याने अडवलेल्या फटक्यांसाठी प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. हे मान मोडण्याच्या सहा वर्षे आधीचे. त्याला स्वीकारायला इंग्रज प्रेक्षक वेम्ब्लीवरच्या बलिदानाची वाट पाहत बसले नव्हते. चांगला गोलरक्षक त्यांना ओळखता येत होता. मानेची दंतकथा नेमका हा क्रम उलटा करते, म्हणून ती मला खटकते.

ओळखले नाही ते त्याच्या मायदेशाने. पश्चिम जर्मनीचे प्रशिक्षक झेप हेरबर्गर जर्मनीत खेळणाऱ्यांनाच संघात घेत. 1954 चा विश्वचषक जर्मनीने टोनी टुरेकला गोलमध्ये उभे करून जिंकला, त्यामुळे त्या धोरणाला तेव्हा कोणी चूक म्हटले नाही. 1964 मध्ये सिटी सोडली तेव्हा ट्राउटमानच्या नावावर जर्मनीसाठी एकही सामना नव्हता.