दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया : निवासी डॉक्टरांचे प्रशिक्षण

दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. पोटातील रोगांच्या निदानासाठी ते १९७२ पासूनच दुर्बीण वापरत होते. २०१७ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवण्यात आले.

या पद्धतीत पोटावर लहान छिद्रे पाडून कार्बन डायऑक्साइड वायू भरला जातो आणि पडद्यावरील दृश्य पाहत लांब उपकरणांनी शस्त्रक्रिया केली जाते. जखम लहान असल्याने रुग्ण लवकर बरा होतो. शल्यविशारदाला मात्र अवयव हाताने चाचपता येत नाही, सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज घेणे कठीण जाते आणि हात डावीकडे नेल्यास उपकरणाचे टोक उजवीकडे जाते. सुरुवातीच्या काळात पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण अनेक देशांत वाढले. अपुरा सराव हे त्याचे एक कारण होते.

त्यामुळे केवळ वरिष्ठांच्या शेजारी उभे राहून शिकणे पुरेसे मानले जात नाही. निवासी डॉक्टरांना प्रथम कॅमेरा बसवलेल्या सराव-पेटीवर हात बसवावा लागतो. लहान वस्तू एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर ठेवणे, जाळीदार कापडावर आखलेले वर्तुळ कापणे, टाका घालून गाठ मारणे असे हे प्रकार असून त्यांत वेळ आणि अचूकता या दोन्हींची नोंद होते. अमेरिकेत २००९-१० मध्ये शल्यचिकित्सेच्या प्रमाणपत्रासाठी अशी चाचणी सक्तीची करण्यात आली.

पेटीवरील सरावानंतर शस्त्रक्रियागृहात आधी कॅमेरा धरणे, मग सोपे टप्पे आणि शेवटी संपूर्ण शस्त्रक्रिया, असा क्रम वरिष्ठांच्या देखरेखीखाली पाळला जातो.