बेतवाकाठचे बारा महिने

झाशीच्या ईशान्येस, बेतवा नदीच्या काठी, एरच नावाचे जुने गाव आहे. आज झाशी जिल्ह्याबाहेर त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. परंतु त्याचे पूर्वीचे दिवस असे नव्हते. अकबराच्या काळी आग्रा सुभ्यातील एका सरकारचे ते मुख्य ठिकाण होते. त्यापूर्वी, पंधराव्या शतकाच्या आरंभी, तेथे मोठी जामा मशीद उभी राहिली होती. आणि गावाच्या पांढरीच्या टेकाडातून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ज्या लेखयुक्त विटा मिळाल्या, त्यांनी एरचचा इतिहास सुमारे दोन हजार वर्षे मागे नेला. त्या विटांवर ब्राह्मी लिपीत दशार्ण देशाच्या राजांची नावे आहेत. त्यांतील एका राजाचे नाव आषाढमित्र आणि त्याच्या पित्याचे मूलमित्र. मूळ आणि आषाढा ही आकाशातील लागोपाठची नक्षत्रे होत. राजकुळातील पितापुत्रांची नावे पंचांगाच्या ओळीने यावीत, हा योग मोठा मनोहर आहे.

दशार्ण म्हटले की मराठी रसिकाला मेघदूत आठवल्यावाचून राहत नाही. आषाढाच्या आरंभी निघालेला कालिदासाचा मेघ दशार्णावर येतो, तेव्हा तेथील उपवनांच्या कुंपणावर केतकी फुललेली असते, पिकलेल्या जांभळांनी वनांच्या कडा काळ्या पडलेल्या असतात, आणि मानसाकडे निघालेले हंस तेथे चार दिवस विसावतात. पुढे विदिशा आणि वेत्रवती. ही वेत्रवती म्हणजेच आजची बेतवा. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, कवीने येथे देशाची खूण त्याच्या तटाबुरुजांनी न सांगता त्या ऋतूत काय फुलले आणि काय पिकले याने सांगितली आहे; आणि हे सारे सांगणारा पुरुष घरापासून दूर आहे.

एरचच्या लोकांची श्रद्धा आणखी निराळी. हिरण्यकश्यपूची राजधानी ती हीच, प्रल्हादाला लोटले ते जवळच्याच टेकडीवरून याच बेतवेत, आणि होलिका जळाली तीही येथेच, असे ते मानतात. अशा कथेला शिलालेखाचा पुरावा मागण्यात अर्थ नसतो. विटांवरचा आषाढ आणि लोकांच्या तोंडचा फाल्गुन यांच्यामध्ये हे गाव वसले आहे एवढे म्हटले तरी पुरे.

याच नदीच्या काठाने उगमाच्या दिशेने गेले की ओरछा लागतो. बुंदेल्यांच्या या राजधानीत केशवदास हा कवी होऊन गेला. त्याची ‘रसिकप्रिया’ १५९१ सालची आणि ‘कविप्रिया’ १६०१ सालची. दुसरा ग्रंथ त्याने प्रवीणराय या राजनर्तकीला काव्यशास्त्र शिकविण्याच्या निमित्ताने रचला. त्याच्या दहाव्या प्रभावात बारामासा आहे. प्रत्येक महिन्याला एक छंद. आणि प्रत्येक छंदात नायिका प्रवासाला निघालेल्या आपल्या पतीला सांगते की, या महिन्यात घर सोडू नये. युक्तिवाद मात्र दर महिन्याला नवा. चैत्रात वेली फुलल्या आहेत म्हणून जाऊ नये. ज्येष्ठात पंचमहाभूते एकट्या अग्नीच्या रूपाला आली आहेत, तळी आटली आहेत, उन्हाने गळालेली श्वापदे एकमेकांचे वैरही विसरली आहेत. अशा दिवसांत वाटेला लागणारा शहाणा कसा? आषाढात तर संन्याशीसुद्धा एका जागी राहतात, पाखरे घरटे सोडीत नाहीत, प्रत्यक्ष विष्णू लक्ष्मीसह शयन करतो. मग गृहस्थाने बाहेर का पडावे? आश्विनात पितर पृथ्वीवर येतात, तेव्हा घरधनी घरीच हवा. पौषात तेल, तांबूल, ऊन आणि शेकोटी यांवाचून काही रुचत नाही. फाल्गुनात सारे जग लाज सोडून रंग खेळते. अशा रीतीने बाराही महिने घरी राहण्याचे ठरतात, आणि प्रवासाला मुहूर्त उरत नाही. शास्त्रग्रंथात बसविलेली ही रचना वाचताना कवीचे पांडित्य विसरायला होते, हे तिचे मोठे यश म्हटले पाहिजे.

हे छंद चित्रकारांनी उचलले नसते तरच नवल. बुंदेलखंड, राजस्थान आणि पहाडी संस्थाने येथे पुढील दोन शतके बारामाशाच्या चित्रमाला होत राहिल्या. दतियाच्या दरबारी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मतिराम आणि बिहारी यांच्या काव्यांवरही शेकडो पाने रंगविली गेली. या बिहारीचे बालपण बुंदेलखंडात गेले. पुढे तो ज्याच्या आश्रयाला राहिला तो आंबेरचा राजा म्हणजे पुरंदरचा तह करणारे आपल्या इतिहासातील मिर्झाराजे जयसिंग. बारामाशाच्या चित्राची मांडणी साधारणपणे ठरलेली असते. सौधावर पतिपत्नी बोलत आहेत. तो जाण्याच्या तयारीत, तिचा हात नकार दर्शविणारा. आणि त्यांच्या भोवती, वर, खाली महिना पसरलेला. ज्येष्ठाच्या चित्रात वडाच्या सावलीत हत्ती निपचित पडलेला आणि त्याच्याजवळच सिंह. श्रावणात मोर आणि काळ्या मेघात सोन्याच्या रेघेसारखी वीज. कार्तिकात घाटावर दिवे. काही चित्रे तर अशी की, स्त्रीपुरुषांची आकृती झाकली तरी केवळ झाडापाण्यावरून तिथीचा अदमास यावा.

‘रसिकप्रिया’ पूर्ण झाली त्याच १५९१ साली, जपानमध्ये सेन नो रिक्यू या चहाविधीच्या आचार्याला हिदेयोशी या सत्ताधीशाच्या आज्ञेने आत्महत्या करावी लागली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध काहीच नाही. परंतु ऋतू हाच कलेचा विषय करणाऱ्या दोन परंपरा एका काळात भरास आल्या होत्या, हे त्यावरून कळते. जपानी चहाघरात ऋतू भांड्यांवर उतरतो. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चूल जमिनीत खोल असते. मे महिन्यात ती झाकून वरची शेगडी घेतात. उन्हाळ्याचा चहाचा वाडगा पसरट, पाणी लवकर निवावे म्हणून. कडक थंडीचा उभा आणि खोल, ऊब टिकावी म्हणून. चहाच्या भुकटीची लाखकामाची डबी बोराच्या जातीच्या एका फळाच्या आकाराची असते, आणि तिचे नावही त्या फळाचेच, नात्सुमे. क्योतोच्या कोदाइजी मंदिरातील लाखकामावर सोन्याने शरदातील गवते रेखली आहेत. चेरीच्या फुलांचे चित्र फुले येण्याच्या किंचित आधी बाहेर काढावे आणि बाहेर झाडे बहरली म्हणजे ते पेटीत ठेवावे, असा तेथील रसिकांचा संकेत. खऱ्या फुलापुढे चित्रातले फूल मिरवू नये, ही त्यांतील दृष्टी.

येथे दोन्ही परंपरांतील भेद उघड होतो. जपानी यजमान ऋतूचे चित्र मांडतो ते येणाऱ्या पाहुण्यासाठी. बुंदेलखंडातील नायिका ऋतू पुढे करते तो जाणाऱ्याची वाट अडविण्यासाठी.

आणि जाणारा हा काही केवळ कवीच्या कल्पनेतला नव्हता. बुंदेले सरदार पिढ्यान्‌पिढ्या मोगलांच्या चाकरीत दूरच्या मोहिमांवर जात. दतियाचा राजा दलपतराव याची कारकीर्द १६८३ ते १७०७ अशी. तिचा फार मोठा भाग दक्षिणेत औरंगजेबाच्या छावण्यांतून आणि राजाराम महाराजांविरुद्ध चाललेल्या जिंजीच्या वेढ्यात गेला. दतियाच्या वाड्यांतून ज्या दिशेला डोळे लागलेले असत, ती दिशा महाराष्ट्राची होती. हे लक्षात घेतले म्हणजे सौधावरच्या त्या नकारार्थी हाताचा अर्थ निराळाच वाटू लागतो.

पुढे वाहतूक उलट सुरू झाली. १७२९ साली छत्रसालाच्या हाकेला बाजीराव धावून गेले. छत्रसालाने राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्यांना दिला. नारोशंकरांनी झाशी शहर वसविले. गोविंदपंत बुंदेले म्हणजे मूळचे गोविंद बल्लाळ खेर. त्यांच्या घराण्याच्या एका शाखेकडे एरचच्या जवळचे गुरसराय राहिले. सागर, जालौन, झाशी येथे मराठी वाडे उभे राहिले. या वाड्यांच्या सनदा आणि हिशेब अभ्यासकांनी पुष्कळ तपासले. त्यांतील माजघराकडे मात्र फारसे कोणी वळले नाही.

त्या माजघरात एक चमत्कारिक अडचण होती. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, बुंदेलखंडात पौर्णिमेला. शुक्लपक्ष दोघांचा एक. पण कृष्णपक्ष आला की वाड्यातील श्रावण वद्य अंगणापलीकडे भाद्रपद होई. गोकुळाष्टमीची रात्र एकच, मोलकरणीच्या लेखी भादोंची, मालकिणीच्या लेखी श्रावणाची. माघ वद्यातली महाशिवरात्र शेजारणीकडे फाल्गुनातली. वर्षातले सहा महिने दोघींना एकाच महिन्याचे नाव घेता येई आणि सहा महिने येत नसे. जपाननेही हा घोळ अनुभवला आहे. १८७३ साली तेथे पाश्चात्त्य कालगणना आली, आणि नवव्या महिन्याच्या नवव्या दिवसाचा शेवंतीचा सण शेवंती उमलण्याच्या आधीच येऊ लागला. पंचांग हलले की चित्राचे फूल आणि झाडाचे फूल यांची चुकामूक होते.

पण मुलींचे खेळ पंचांगाच्या पोटात कसे शिरतात पाहा. पितृपक्षात बुंदेलखंडातील मुली बोरीची किंवा बाभळीची काटेरी फांदी घेतात, प्रत्येक काट्याला एकेक फूल टोचतात, आणि ती फुललेली ‘मामुलिया’ गाणी म्हणत मिरवून पाण्यात सोडतात. नवरात्रात सुअट्याची आकृती घालून तिच्यापुढे रंगांचे चौक काढतात. आपल्याकडील हादगा, भोंडला किंवा विदर्भ-खानदेशातील भुलाबाई ही या खेळांची बहीणच. एकीकडे हस्त नक्षत्राचा हत्ती, दुसरीकडे काट्यावरची फुले. परतणाऱ्या पावसाला दोन्हीकडच्या पोरीच निरोप देतात.

चैत्राचे तसे नाही. चैत्रांगण हे मराठी घराचे स्वतःचे ऋतुचित्र आहे. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते तेव्हापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत अंगणात रोज नवी रांगोळी: गौरीची पावले, सूर्यचंद्र, शंख, कासव, नाग, हत्ती, पाळणा, तुळशीवृंदावन. हे चित्र संध्याकाळपर्यंत पुसते म्हणूनच उद्या पुन्हा काढता येते. जोडीला कैरीची डाळ, पन्हे, आणि हळदीकुंकवाची कुयरी, तीही कैरीच्याच घाटाची. जपानी डबीला बोराचा आकार सुचला, मराठी कुयरीला कैरीचा. मात्र जपानी डब्यांवरची चित्रे ऋतूबरोबर पालटतात, आपली कुयरी बाराही महिने तीच असते. कारागिराने एकदाच वसंत घडवला आणि घराने तो वर्षभर वापरला.

१८५८ साली झाशीला वेढा पडला तो याच दिवसांत. २१ मार्च रोजी सर ह्यू रोज झाशीपुढे आला तेव्हा चैत्राचा शुक्लपक्ष चालू होता. गौरीचे दिवस सुरू झाले होते. मार्चअखेरीस पौर्णिमा झाली. ३ एप्रिलला इंग्रजी फौज तटावरून शहरात शिरली. मराठी पंचांगाने तो चैत्र वद्य पक्ष होता, आणि शहरातल्या बुंदेली घरांत वैशाख लागला होता. विष्णुभट गोडसे यांनी त्या कत्तलीचे आणि जाळपोळीचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात संस्थानच्या ग्रंथालयाचा नाशही येतो. पिढ्यान्‌पिढ्या जमविलेल्या पोथ्यांचा तो संग्रह होता. एकदोन दिवसांतच एका रात्री लक्ष्मीबाई किल्ल्याबाहेर पडल्या आणि त्यांनी काल्पीची वाट धरली. बारामाशातली स्त्री सौधावर उभी राहून जाणाऱ्याला अडविते. येथे घोड्यावर बसून निघालेली स्त्रीच होती, आणि गौरीची अक्षय्यतृतीया यायला जेमतेम बारा-तेरा दिवस उरले होते.

ओरछ्याच्या लक्ष्मी मंदिरात जुन्या भित्तिचित्रांच्या संगतीत, १८५७ नंतर काढलेले झाशीच्या लढाईचे चित्र आहे. बुंदेली चितेऱ्याने तोफा, गोरे शिपाई आणि किल्ला त्याच भिंतींवर चितारला, ज्यांवर देवादिकांच्या कथा पूर्वीपासून होत्या. मंदिरापासून थोड्याच अंतरावर बेतवा वाहते, आणि तेच पाणी पुढे एरचखालून जाते.