पाबळची वाट आणि गाडीची निगा

पाबळ म्हटले की बहुतेकांना मस्तानी आठवते. बाजीरावाने तिला दिलेल्या गावांपैकी हे एक, आणि १७४० साली ती गेल्यावर तिची कबरही इथलीच. मला मात्र आज या गावाची आठवण झाली आहे ती अगदी रुक्ष वाटेल अशा कारणासाठी. गाडी चालती कशी ठेवावी, तिचा झिजलेला भाग कोणी, केव्हा आणि कोठे बदलावा, या प्रश्नाचा इतिहास पाबळच्या वाटेवर उभे राहिले की बराचसा नजरेस पडतो.

आरंभ बैलगाडीपासूनच करावा लागेल. तिच्या बुडाशी वंगणाचे एक नळकांडे टांगलेले असायचे. तेलात राख कालवून केलेले ते काळेभोर वंगण आसाला चोपडल्याखेरीज जाणता गाडीवान लांबच्या वाटेला निघत नसे. कोरडा आस कुरकुरतो, तापतो, तुंब्याचे लाकूड खातो, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. उन्हाळ्यात चाकाचे लाकूड आकसले म्हणजे लोखंडी धाव ढिली पडायची. मग लोहार ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा, चाकावर बसवायचा आणि वरून पाणी ओतायचा. लोखंड आकसलं की सारे आरे आपापल्या जागी घट्ट! आणि गंमत पाहा, या लोहाराला आणि सुताराला कामागणिक दाम नव्हता. सुगीला वर्षाचे बलुते मिळायचे. म्हणजे गाडी जितकी कमी मोडेल तितका त्याचाच ताप कमी. बलुत्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्यात जातीचं जोखड होतं आणि कारागिराच्या पदरात पुष्कळदा पसाभरच पडायचं. पण दुरुस्ती करणारा हात गावातच होता, ही गोष्ट खरी.

मोटार आली आणि तो हात गावातून गेला.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा सर्व्हिसच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर धावत. मागे भट्टी, टपावर सामान, आणि नळ्यांत साचणारे डांबर रोज खरवडणारा क्लीनर, असा तो थाट असे. खाजगी मालकांपैकी कित्येकांचा शिरस्ता एकच : गाडी बंद पडली की बघू. ही रीत बदलली ती एस. टी. मुळे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस अहमदनगरहून पुण्यास आली, ती याच शिरूर-शिक्रापूरच्या रस्त्याने. शिक्रापूरला नगर रस्ता सोडून वायव्येकडे वळले की पाबळ येते. लोक त्या बसची गोष्ट सांगताना ड्रायव्हर-कंडक्टरची सांगतात. आगारातल्या खड्ड्यात उतरून गाडीचं पोट तपासणाऱ्या माणसाची फारशी कोणी सांगत नाही. वास्तविक मोठा पालट तोच होता. तेल बदलायचं ते काळं पडलं म्हणून नव्हे, तर ठरलेले मैल पुरे झाले म्हणून. ब्रेकचे लायनर रिव्हेट उघडे पडण्याआधी काढायचे. टायरच्या नक्ष्या गेल्या तर सांगाडा शाबूत असताना त्यावर नवा थर चढवायचा. दमलेले इंजिन काढून मोठ्या कार्यशाळेत धाडायचे आणि त्याच्या जागी दुरुस्त केलेले दुसरे बसवायचे. पुण्याजवळची दापोडीची कार्यशाळा अशाच कामांसाठी नावारूपाला आली.

ही शिस्त आपल्या अंगवळणी पडली आहे असे मात्र मी म्हणणार नाही. माझ्याच जुन्या गाडीच्या पंख्याचा पट्टा तडकलेला मला दोन महिने दिसत होता. ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणत राहिलो. मग एका दुपारी भर उन्हात पट्टा तुटला, पाणी उकळले, हेडाचे पॅकिंग गेले. पट्टा किरकोळ पैशांचा. खर्च झाला तो पॅकिंगचा, मजुरीचा आणि टोचणावळीचा!

आता पाबळात येऊ. मुंबईस हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधनकेंद्रात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग हे १९८३ साली या कोरडवाहू गावी आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळेत जे रमले नाहीत अशा मुलांनी हातांनी काम करत शिकावे, असा त्यांचा खटाटोप. या आश्रमात एक लहान ट्रॅक्टर तयार झाला. नाव ‘मेकबुल’, म्हणजे यांत्रिक बैलच म्हणा. मोठा ट्रॅक्टर लहान शेतकऱ्याच्या खिशाला झेपेना, बैलजोडी बारमाही पोसवेना. म्हणून जुन्या जीपचे भाग घेऊन हा बैल उभा केला.

जीपचेच भाग का, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. भंगारात गेलेली जीप सगळी एकदम मेलेली नसते. पत्रा गंजतो, इंजिनाच्या रिंगा झिजतात, रबरी सील कडक होतात. पण गिअरबॉक्समधली नि मागच्या डिफरन्शियलमधली दातेरी चाके कठीण पोलादाची, आणि जन्मभर तेलात बुडालेली. तेल वेळच्या वेळी बदलले असेल तर गाडीचा पत्रा फाटला तरी ती धड राहतात. त्यांच्या साहाय्याने इंजिनाचा वेग उतरवला की ओढ वाढते, आणि शेतात वेगापेक्षा ओढच लागते. अर्थात जुन्याचा हा हिशेब सगळीकडे लावू नये. ब्रेकचे लायनर, ब्रेकची नळी, स्टीअरिंगचे सांधे हे भाग जुन्या बाजारातून घेणे म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला लावणे होय.

२००२ साली अमेरिकेतील एम. आय. टी. च्या साहाय्याने याच आश्रमात फॅब लॅब सुरू झाली. परदेशातल्या अशा पहिल्या प्रयोगशाळांपैकी ही एक. तिथे हाती घेतलेल्या प्रश्नांत डिझेल इंजिनाचे टायमिंग हाही होता. दट्ट्या वर पोहोचायच्या किंचित आधी डिझेलचा फवारा उडाला पाहिजे. उशीर झाला तर धूर काळा नि डिझेल वाया. फार लवकर उडाला तर इंजिन ठोके देते. हे मोजायला गावच्या मिस्त्रीजवळ काय? कान. चांगल्या मिस्त्रीचा कान मोठा तयार असतो, यात शंका नाही. पण तो शिष्याला देता येत नाही, आणि विहिरीवरचं इंजिन थोडं थोडं जास्त डिझेल पीत राहिलं तर ते कानाला कळतही नाही. फिरत्या चाकावर एक खूण करावी, ती नेमकी केव्हा पुढून जाते ते स्वस्त उपकरणाने टिपावे, आणि ते उपकरण पाबळातच घडवावे, अशी ती कल्पना. कलबाग २००३ साली वारले. आश्रमाच्या कार्यशाळेत मुले पुढेही वेल्डिंग करीत, नट आवळीत, उघडलेल्या इंजिनात डोके घालून शिकत राहिली. पहिल्या दिवशी हात काळे होतात म्हणून कुरकुर करणारा पोरगा महिन्याभराने बेअरिंग बोटांनी फिरवून ‘हे गेलंय’ म्हणून सांगतो.