दोन वाहनांमधलें अंतर



रस्त्यांचा इतिहास लिहितांना विद्वान मंडळी बहुधा खडी, पूल, जकातीचीं नाकीं आणि सैन्यांच्या स्वाऱ्या यांचा हिशेब मांडतात. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन वाहनांच्या मध्यें जी मोकळी जागा असते, तिच्याकडे त्यांचें लक्ष क्वचितच जातें. जी वस्तु दिसत नाहीं आणि जिच्यावर कोणाची मालकीही नाहीं, तिचा इतिहास लिहावयास कोण बसेल? तथापि ज्या घरांतला मुलगा रोज सकाळीं मोटारसायकलवर बसून कामाला जातो, त्या घराच्या दृष्टीनें पाहिलें तर रस्त्यावरची सर्वांत मोलाची जागा हीच होय. आज तिच्याविषयींच चार शब्द बोलावयाचें मीं योजिलें आहे, आणि त्यासाठीं अहमदनगर जिल्हा निवडला आहे. २०२४ सालीं या जिल्ह्याचें अधिकृत नांव अहिल्यानगर असें झालें. परंतु लोकांच्या तोंडीं तें अद्याप ‘नगर’च आहे, म्हणून मीही सोयीसाठीं तसेंच म्हणणार आहें.

नगर निवडण्याचें कारण उघड आहे. पुणें, नाशिक, संभाजीनगर, बीड, सोलापूर, कल्याण अशा सर्व दिशांचे रस्ते या शहराशीं येऊन मिळतात. १ जून १९४८ रोजीं आपल्या राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, तीही पुणें-नगर याच मार्गावर. तीस आसनांची बेडफर्ड गाडी, चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे, हा तपशील महाराष्ट्रांत आतां सर्वश्रुत आहे. शिरूर सोडून घोडनदी ओलांडली, कीं जिल्हा बदलतो; मग सुपें, कामरगांव, चास, केडगांव असें करीत गाडी नगरांत शिरते. ती गाडी ज्या रस्त्यानें गेली, त्यावर त्या काळीं बैलगाड्यांचीच गर्दी अधिक असणार.

आणि बैलगाड्यांच्या काळांत अंतराचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. रात्रीं गाडीवान घोंगडी पांघरून खुशाल झोंपी जाई आणि दहा-दहा गाड्यांची रांग एकामागून एक बिनबोभाट चालत राही. पुढली गाडी थांबली, कीं मागचा बैल आपण होऊन थांबे; फार तर पुढल्या गाडींतल्या कडब्याला तोंड लावी. धनी निजला तरी वाहन जागें असे. घोड्याचेंही तसेंच आहे. पुढें अडथळा दिसत असतां आपलें तोंड त्यावर आपटून घेण्याइतका घोडा मूर्ख नसतो. मोटार आली तेव्हां वेग वाढला, ही गोष्ट आपण सर्वच सांगतों. परंतु तिच्याबरोबर एक गोष्ट गेली, ती कोणी सांगत नाहीं. वाहनाला स्वतःचे डोळे आणि स्वतःची भीति असे, ती नाहींशी झाली. जें काम बैल न सांगतां करीत होता, तें माणसाला शिकून घ्यावें लागलें. आणि माणूस तें अजून पुरतें शिकलेला नाहीं.

शिकण्याची पहिली पाळी आली ती सैन्यावर. नगरला सैन्य नवें नाहीं. १८०३ सालच्या ऑगस्टांत जनरल वेलस्ली, म्हणजे पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजलेला सेनापति, याच वाटेनें आला. ८ तारखेस त्यानें पेठ घेतली आणि १२ तारखेस किल्ला त्याच्या हातीं आला. त्याच्या तोफा आणि धान्य ओढणारे होते ते बैलच, आणि बैलांची काळजी हा या सेनापतीच्या पत्रव्यवहारांतला नित्याचा विषय आहे. विसाव्या शतकांत त्याच नगरांत चिलखती गाड्या आणि रणगाडे आले. १९४८ सालीं येथें चिलखती दलाचें केंद्र व विद्यालय आजच्या रूपांत उभें राहिलें, आणि १९९४ पासून येथील रणगाड्यांचें संग्रहालय दूरदूरचे लोक पाहावयास येतात.

यंत्रावर बसलेल्या सैन्याला अंतराची शिस्त लागते ती अगदीं व्यावहारिक कारणांमुळें. ट्रकांचा तांडा चालला असतां गाड्या एकमेकींस चिकटून गेल्या, तर शत्रूच्या एका विमानाला एकाच फेरींत अनेक बळी मिळतात. रस्ता कच्चा असेल तर पुढल्या गाडीच्या धुळींत मागल्याला कांहींच दिसत नाहीं. आणि पहिल्या गाडीनें ब्रेक लावला म्हणजे तो धक्का मागें मागें जातांना वाढत जातो. दुसरी जरा जोरानें थांबते, तिसरी अधिक जोरानें, आणि विसावी गाडी एकोणिसावीवर जाऊन आदळते. म्हणून दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्य तांड्याचें माप मोठ्या युक्तीनें सांगत असे: एका मैलांत गाड्या किती असाव्यात, तो आंकडा ठरवून द्यावयाचा. म्हणजे हुकूम वरकरणीं गाड्यांचा, पण खरा तो मोकळ्या जागेचा. तांड्याच्या पुढें-मागें धांवणारा निरोप्या मात्र मोटारसायकलवर असे, आणि त्याला राखण्यासाठीं ना पत्रा होता, ना कांच. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्यानें १९५४ च्या सुमारास बुलेट मोटारसायकली मागविल्या आणि त्यांतूनच मद्रासेस एन्फील्डचा कारखाना उभा राहिला, हें आपणांस ठाऊक असेलच. सैन्यांतली मोटारसायकल पुढें नागरिकांनीं हौसेनें उचलली. तिच्याबरोबरची शिस्त मात्र छावणींतच राहिली.

आतां थोडें विषयांतर करतों, पण तें वाटतें तितकें दूरचें नाहीं. इंग्लंडांत ग्रीनिच येथील वेधशाळेंत मॅस्केलिन नांवाचा राजज्योतिषी होता. दुर्बिणींतल्या तारेवरून नक्षत्र कोणत्या क्षणीं सरकलें, याची नोंद तो स्वतः करी आणि किनब्रुक नांवाचा त्याचा साहाय्यकही करी. साहाय्यकाची नोंद धन्याच्या नोंदीपेक्षां सेकंदाच्या आठ दशांशांनीं उशिरा पडते असें आढळून आलें. समज देऊनही तें सुधारेना, तेव्हां १७९६ सालीं मॅस्केलिननें त्या बिचाऱ्याला कामावरून काढून टाकलें. पुढें पंचवीसएक वर्षांनीं बेसेल या जर्मन ज्योतिषाच्या ध्यानांत आलें, कीं यांत किनब्रुकची हयगय नव्हती. पाहणें आणि टिपणें यांमध्यें प्रत्येक माणसाचा कांहीं वेळ जातोच, आणि तो ज्याचा त्याचा निराळा असतो. १८५० सालीं हेल्महोल्ट्झ यानें बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून दाखविलें, कीं शरीरांतला निरोपसुद्धां क्षणार्धांत पोंचत नाहीं. त्या तंतूंतून तो सेकंदाला तीसएक मीटरच धांवतो. तोंवर हा वेग मोजतां येणें शक्यच नाहीं, असें मोठमोठे शारीरशास्त्रज्ञ मानीत असत.

किनब्रुकचा दोष डोळा आणि कान यांच्या मेळाचा होता, ब्रेकचा नव्हता, हें मान्य. पण तेवढाच वेळ आपण नगरच्या रस्त्यावर आणून पाहूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटारसायकल एका सेकंदांत सुमारें १६ ते १७ मीटर, म्हणजे जवळजवळ ५५ फूट, पुढें जाते. आठ दशांश सेकंदांत ती १३ मीटर गेलेली असते. एवढ्या अवधींत स्वाराचा हात ब्रेकच्या दांडीपर्यंतही पोंचलेला नसतो, आणि संकट अनपेक्षित असेल तर साधारण माणसाला याहूनही अधिक वेळ लागतो. त्यानंतर खरें थांबणें सुरू होतें. आणि तेथें गणित फार निष्ठुर आहे. वेग दुप्पट झाला म्हणजे ब्रेक लागल्यावर लागणारें अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. कोरडा डांबरी रस्ता आणि चांगले ब्रेक असतां ३० च्या वेगाला सुमारें ६ मीटर पुरतात, तर ६० च्या वेगाला २३ मीटरांच्या आसपास लागतात.

नगर जिल्ह्यांत हें गणित कोठें सोडवावें लागतें, तें सांगतों. १९५० सालीं प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढें श्रीरामपूर, राहुरी, कोपरगांव, संगमनेर हा सारा मुलूख उंसाचा झाला. गळिताचा हंगाम लागला, कीं नगर-मनमाड रस्त्यावर रात्रंदिवस उंसाच्या ट्रॉल्या चालतात. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, वाढ्यासकट बाहेर आलेला ऊंस, आणि मागचा लाल दिवा एक तर फुटलेला किंवा उंसाखालीं झांकलेला. अशा रस्त्यावर सांजवेळीं एक तरुण टेंपोच्या मागून मोटारसायकलवर चालला आहे अशी कल्पना करा. वेग साठ, आणि टेंपोपासून अंतर पंधरा फूट. टेंपोवाल्याला पुढें ट्रॉली दिसते. तो ब्रेकही लावीत नाहीं, नुसता उजवीकडे वळून निघून जातो. पडदा बाजूला सारावा तशी ती ट्रॉली त्या तरुणाच्या डोळ्यांपुढें एकदम उभी राहते. पंधरा फूट म्हणजे या वेगाला सेकंदाचा जेमतेम पाव भाग! तो कसाबसा डावीकडे दाबतो, उंसाचीं पातीं हाताला ओरखडून जातात, गाडी साइडपट्टीच्या मुरुमांत घसरत थांबते, आणि तो बचावतो.

या ठिकाणीं बहुतेक लोक देवाचे आभार मानून गोष्ट संपवितात. मला मात्र खरी चिंता येथूनच वाटते. जो आपटला तो शिकतो किंवा शिकण्यापलीकडे जातो. जो बचावला तो आपल्या हातांचें कसब वाखाणूं लागतो. घरीं तो गोष्ट सांगतो ती ट्रॉलीच्या दिव्याची, आणि ती खोटी नसते; पण टेंपोच्या मागें पंधरा फुटांवर राहिल्यामुळें आपल्याला ट्रॉली दिसलीच नाहीं, ही बाजू त्या गोष्टींत नसते. पुढल्या वाहनापासून राखलेली जागा नुसती थांबण्याची जागा नव्हे. तीच पाहण्याची खिडकीही आहे.

चांगले ब्रेक हा यावरचा उपाय आहे असें पुष्कळांस वाटतें. नगरजवळच संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तिच्या धांवपट्ट्यांवर वाहनांची परीक्षा होते. १२५ सी.सी.हून मोठ्या मोटारसायकलींना, चाक जाम न होऊं देणारे ब्रेक २०१८-१९ पासून कायद्यानें सक्तीचे झाले, आणि त्यांनीं घसरून पडणें पुष्कळ कमी होतें. पण परीक्षेच्या पट्टीवरच्या स्वाराला ब्रेक कधीं लावावयाचा हें आधींच ठाऊक असतें. रस्त्यावरच्या स्वाराला तें कोणी सांगत नाहीं, आणि त्याच्या मनाचा जो पहिला सेकंद जातो, तो कोणतेंही यंत्र परत आणून देत नाहीं.

कायद्यानें हा प्रश्न उशिरां पण स्पष्ट हातीं घेतला. मोटार वाहनांचे अखिल भारतीय कायदे १९१४, १९३९ आणि १९८८ असे झाले. १९८९ च्या रस्ता-नियमांत पुढलें वाहन अकस्मात थांबलें तरी टक्कर होणार नाहीं, इतकें पुरेसें अंतर राखण्याचें बंधन मागच्या चालकावर घातलें गेलें. ‘पुरेसें’ म्हणजे किती, हें मात्र नियमांत नव्हतें. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें ट्रकमागून दहा-पंधरा फुटांवर चाललेल्या एका मोटारीचें प्रकरण आलें, तेव्हां न्यायालयानें हें अंतर सुरक्षित नव्हे असें ठरविलें आणि चांगल्या परिस्थितींत निदान दोन ते तीन सेकंदांचें अंतर हवें, असा ठोकताळा सांगितला. २०२५ सालच्या दुसऱ्या निकालांत पुढली मोटार महामार्गावर इशारा न देतां थांबल्यामुळें मागचा मोटारसायकलस्वार तीवर आदळून पडला होता, आणि मागून आलेल्या बसनें त्याचा पाय गेला होता. न्यायालयानें मोटारीवर पन्नास टक्के, बसवर तीस टक्के आणि त्या तरुणावर वीस टक्के दोष ठेवला. मला ही वांटणी न्याय्य वाटते. वाटेल तेथें थांबणाऱ्याला मोकळें सोडणें बरें नव्हे. पण पाय ज्याचा गेला त्याच्या पदरींही वीस टक्के आले, ही गोष्ट आईबापांनीं मुलांना अवश्य सांगावी.

अंतर राखलें तर दुसराच कोणी मध्यें घुसतो, अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. ती खरी आहे. पण हिशेब करा: एकजण घुसला म्हणजे आपण पुन्हां दोन सेकंद मागें सरावयाचें. पुणें ते नगर या प्रवासांत तीसजण घुसले तरी घरीं पोंचावयास एक मिनिट उशीर होतो.

मोजण्याची रीत सोपी आहे. पुढलें वाहन एखाद्या किलोमीटरच्या दगडाजवळून, पुलाच्या कठड्याजवळून किंवा बाभळीजवळून गेलें, कीं मनांत ‘ज्ञानोबा तुकाराम’ असें सावकाश दोनदां म्हणावें. ज्या जिल्ह्यांत नेवासें आहे तेथें हें माप कोणाला परकें वाटूं नये. दोनदां म्हणून होण्यापूर्वींच आपलें चाक त्या खुणेपाशीं पोंचलें, तर आपण फार जवळ आहों. पावसाच्या दिवसांत, रात्रीं, किंवा मागें कोणी बसलेलें असतां, चारदां म्हणावें.