नांव कशावरून द्यावें?

पनवेलच्या खाडीचें पाणी ज्या मुंबई बंदराला मिळतें, तेथील बेटाभोंवतींचा समुद्र कधीं कधीं तांबडा कां होतो, याचें उत्तर हेन्री कार्टर या कंपनी सरकारच्या शस्त्रवैद्यानें १८५८ सालीं प्रसिद्ध केलें. सूक्ष्मदर्शकाखालीं त्याला एक एकपेशी जीव दिसला. रक्तवर्णावरून त्यानें त्याचें नांव ‘पेरिडिनियम सँग्विनियम’ ठेविलें.

या वर्गाला आज डायनोफ्लॅजेलेट म्हणतात. चाबकासारखे दोन तंतू हलवीत हे जीव गिरक्या घेत पोहतात. परंतु दगडांत ना रंग टिकतो, ना गिरकी. उरतो तो कांहीं थोड्या जातींचा विश्रांतिकाळचा चिवट कोष, आणि तोहि पाण्याखालच्या गाळापासून झालेल्या खडकांत. पनवेलचा काळा कातळ लाव्हारसाचा; त्यांत तो शोधणें व्यर्थ!

मग नांव कशावरून द्यावें? बर्लिनच्या एरेनबर्गला १८३६ सालीं चकमकीच्या दगडांत असे कांटेरी गोल दिसले. त्यानें ते गोड्या पाण्यांतल्या शेवाळांच्या वर्गांत घातले. १९३३ मध्यें वेट्झेलनें त्यांचा निराळा गट केला, पण हे मूळचे कोण, हें कोडें राहिलेंच. कित्येक कोषांना एक भोंक असतें. तें मोडतोडीचें नव्हे. त्याचा आकार जिवंत जीवाच्या कवचावरील ठराविक पट्टिकांशीं जुळतो, आंतला जीव तेथूनच बाहेर पडला, हें अमेरिकेच्या एव्हिटनें १९६१ सालीं दाखविलें. मला तर हें भोंक म्हणजे त्या जीवाची सहीच वाटते. आतां नव्या जातीचें वर्णन लिहितांना लांबीरुंदी व कांटे यांच्याबरोबर तें द्वार कोणत्या पट्टिकेच्या जागीं आहे, हेंहि सांगतात. आणि ज्या एका नमुन्यावर नांव बेतलें, तो संग्रहांत जपून ठेवतात.