पाण्याचा रेणू किती लांब गेला? डेनी ल बिहान आणि डिफ्यूजन एमआरआय

घरात कुणाचा तरी एमआरआय होतो. संध्याकाळी रिपोर्टची पीडीएफ फॅमिली ग्रुपवर येते आणि सगळे तुमच्याकडे बघतात, कारण घरात 'मोबाईलमधलं कळणारे' तुम्हीच. रिपोर्टमध्ये कुठेतरी 'रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन' असे दोन शब्द असतात. तुम्ही ते सर्च करता, पहिल्याच पानावर कॅन्सर दिसतो आणि त्या रात्री कुणालाच झोप लागत नाही.

हे दोन शब्द नेमकं काय मोजतात, ते मोजायची कल्पना कुणाला सुचली आणि त्यांचा अर्थ कुठपर्यंत लावायचा, हे या लेखात पाहू.

प्रश्न लिव्हरचा होता

डेनी ल बिहान हे फ्रान्समधले डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञही. जन्म १९५७ चा. १९८४ च्या सुमारास, म्हणजे सत्ताविशीच्या आसपास, ते पॅरिसमध्ये रेडिओलॉजी शिकत होते. एमआरआय तेव्हा अगदी नवं यंत्र होतं. त्यांच्यापुढे एक साधा, रोजच्या कामातला प्रश्न आला: लिव्हरमध्ये गाठ दिसते, पण ती कॅन्सरची आहे की अँजिओमाची, हे एमआरआयवरून सांगता येईल का? अँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता. तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. दोन्हींतला फरक ओळखणं म्हणजे एका पेशंटला ऑपरेशनला पाठवणं आणि दुसऱ्याला निर्धास्त घरी पाठवणं.

ल बिहान यांनी असा विचार केला. कॅन्सरच्या गाठीत पेशी दाटीवाटीने भरलेल्या असतात, त्यामुळे तिथल्या पाण्याच्या रेणूंना हलायला जागा कमी. अँजिओमात रक्त संथपणे वाहतं, म्हणजे तिथे हालचाल जास्त. मग रेणूंची हालचालच मोजली तर?

पाण्याचे रेणू कधीच स्थिर नसतात. ग्लासात शाईचा थेंब टाकला की न ढवळताही तो पसरतो, ते यामुळेच. याला विसरण किंवा डिफ्यूजन म्हणतात. आईनस्टाईनने १९०५ मध्ये याचं गणित मांडलं होतं. शरीराच्या तापमानाला, वाटेत काहीच अडथळा नसेल तर, पाण्याचा रेणू ५० मिलिसेकंदांत एका दिशेने सरासरी १७ मायक्रॉन सरकतो. आपल्या पेशींचा आकारही साधारण याच टप्प्यातला. त्यामुळे तेवढ्या वेळात रेणू पेशीच्या भिंतीला, तंतूंना धडकतो आणि अडतो. गणपतीत लक्ष्मी रोडवर आणि पहाटे चार वाजता त्याच रस्त्यावर एका मिनिटात तुम्ही किती अंतर जाता, यावरून गर्दीचा अंदाज येतोच ना? गर्दीचा फोटो काढायची गरजच नाही.

मोजायचं कसं? अधिक करा, मग वजा करा

एमआरआय पाण्यातल्या हायड्रोजनच्या प्रोटॉनकडून सिग्नल घेतं. मोठ्या चुंबकात हे प्रोटॉन एका ठरावीक वेगाने गरगरतात आणि चुंबकीय क्षेत्र जितकं जास्त तितका हा वेग जास्त. आता क्षणभरासाठी क्षेत्र मुद्दाम असमान करायचं, एका बाजूला थोडं जास्त, दुसऱ्या बाजूला थोडं कमी. याला ग्रेडियंट म्हणतात. प्रत्येक प्रोटॉन आपल्या जागेनुसार थोडा पुढे किंवा मागे पडतो. थोडा वेळ थांबून मग नेमका उलट परिणाम करणारा दुसरा ग्रेडियंट लावायचा.

कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर आधी स्वतःची जागा मिळवायची, नंतर स्वतःची जागा वजा करायची. जो प्रोटॉन जागचा हलला नाही त्याचं उत्तर शून्य. जो मधल्या वेळात सरकला त्याचा हिशेब जुळत नाही. असे न जुळणारे प्रोटॉन एकमेकांचा सिग्नल खाऊन टाकतात आणि तो भाग काळा पडतो. जिथे पाणी अडकून पडलंय तिथला सिग्नल टिकतो, तो भाग उजळ दिसतो.

ही युक्ती ल बिहान यांची नाही. स्टेस्कल आणि टॅनर या शास्त्रज्ञांनी ती १९६५ मध्येच मांडली होती, पण टेस्ट ट्यूबमधल्या नमुन्यांसाठी. जिवंत माणसाच्या चित्रात, प्रत्येक पिक्सेलमागे हे मोजायचं, ही ल बिहान यांची झेप. ग्रेडियंटची ताकद आणि वेळ मिळून किती 'ताण' दिला, ते सांगणारा आकडा त्यांनी ठरवला. त्याला बी-व्हॅल्यू म्हणतात आणि आजही प्रत्येक स्कॅनवर तो छापलेला असतो. बी शून्य आणि बी १००० अशी दोन चित्रं घेतली की त्यांच्यातल्या फरकावरून त्या जागचा विसरणाचा आकडा निघतो. त्याचं नाव एडीसी.

बी १००० ला मेंदूच्या निरोगी ऊतीचा सिग्नल साधारण निम्मा राहतो. मेंदूभोवतीच्या मोकळ्या द्रवाचा जेमतेम ५ टक्के उरतो. फरक केवढा आहे बघा.

लिव्हरमध्ये फसलं, मेंदूत जमलं

पहिला प्रयोग लिव्हरवरच झाला आणि निकाल निराशाजनक आला. कारण समजायला सोपं आहे. आपल्याला मोजायचंय १७ मायक्रॉन, आणि श्वासाबरोबर लिव्हर सेंटिमीटरभर वरखाली होतं. म्हणजे मोजायच्या गोष्टीपेक्षा हादराच शेकडो पट मोठा. चालत्या एसटीतून रात्री लाँग एक्स्पोजरने फोटो काढून बघा, तसंच. तेव्हाची यंत्रं एक चित्र काढायला कित्येक मिनिटं घेत होती, ग्रेडियंटही दुबळे होते.

मग त्यांनी मेंदूकडे मोर्चा वळवला. मेंदू कवटीत बऱ्यापैकी स्थिर असतो. १९८५ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आणि १९८६ मध्ये 'रेडिओलॉजी' या जर्नलमध्ये मेंदूची पहिली डिफ्यूजन चित्रं आली. पुढे ल बिहान अमेरिकेत एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेत गेले. १९९० मध्ये तिथे रॉबर्ट टर्नर यांच्यासोबत त्यांनी डिफ्यूजनला इको-प्लॅनर इमेजिंगची जोड दिली. पीटर मॅन्सफिल्ड यांची ही पद्धत एक पूर्ण चित्र सेकंदाच्या अंशात घेते. हादऱ्याचा प्रश्न इथे खऱ्या अर्थाने सुटला.

स्ट्रोक

आता या सगळ्यातली, माझ्या मते, सर्वात मोठी गोष्ट. मेंदूची रक्तवाहिनी बंद झाली की पेशींना ऊर्जा मिळत नाही, पेशीतले पंप बंद पडतात, पाणी आत शिरतं, पेशी फुगतात. बाहेरची मोकळी जागा आकसते आणि पाण्याची हालचाल मंदावते. १९९० मध्ये मायकल मोझली आणि सहकाऱ्यांनी मांजरांवरच्या प्रयोगात दाखवलं की हा बदल डिफ्यूजनच्या चित्रात तासाभराच्या आत दिसतो. नेहमीच्या एमआरआय चित्रात तो दिसायला दोन-तीन तास लागले.

गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, म्हणून हा फरक महत्त्वाचा. एक खरं, की बहुतेक ठिकाणी आधी सीटी स्कॅन करतात. ते पटकन होतं आणि रक्तस्राव आहे का ते सांगतं. पण एखादा माणूस रात्री धडधाकट झोपला आणि सकाळी हात उचलता येईना, तर? घड्याळ कधी सुरू झालं तेच माहीत नाही. अशा वेळी डिफ्यूजनमध्ये डाग दिसतोय, पण फ्लेअर नावाच्या दुसऱ्या चित्रात अजून दिसत नाही, याचा अर्थ स्ट्रोक बहुधा ताजा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेक-अप या युरोपीय चाचणीत अशा पेशंटना औषध दिलं गेलं. तीन महिन्यांनी चांगली सुधारणा असलेल्यांचं प्रमाण औषध घेतलेल्यांत ५३ टक्के होतं, न घेतलेल्यांत ४२ टक्के. म्हणजे पाण्याच्या रेणूंनीच घड्याळाचं काम केलं.

मेंदूतला दुसरा उपयोग वायरिंगचा. मज्जातंतूंच्या जुडग्यांत पाणी लांबीच्या दिशेने सहज सरकतं, आडवं जाताना अडतं. वेगवेगळ्या दिशांना मोजलं तर तंतू कुठून कुठे जातात याचा नकाशा काढता येतो. १९९४ मध्ये पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि ल बिहान यांनी याची पद्धत मांडली. इंटरनेटवर मेंदूचे रंगीबेरंगी धाग्यांचे फोटो दिसतात ना, ते यातूनच आले. मात्र ते धागे कॅमेऱ्याने टिपलेले नसतात, ते सॉफ्टवेअरने मोजमापावरून आखलेले असतात. ट्यूमर काढताना न्यूरोसर्जन ते वापरतात, पण ही मर्यादा लक्षात ठेवून.

आणि मग पुन्हा कॅन्सर

यंत्रं वेगवान झाल्यावर मूळ प्रश्न परत आला. २००४ मध्ये जपानमध्ये तारो ताकाहारा यांच्या गटाने पेशंट नेहमीसारखा श्वास घेत असताना संपूर्ण शरीराची डिफ्यूजन चित्रं काढायची पद्धत दाखवली. आज प्रोस्टेटच्या बाहेरच्या भागातली गाठ संशयास्पद आहे की नाही हे ठरवताना पाय-रॅड्स या आंतरराष्ट्रीय पद्धतीत मुख्य भर डिफ्यूजनवर असतो. ब्रेस्ट आणि लिव्हरच्या तपासणीतही ते असतंच. यात रेडिएशन नाही आणि यासाठी कॉन्ट्रास्टचं इंजेक्शनही लागत नाही. काही गाठींत उपचार लागू पडले की आकार घटण्याआधीच पेशी मरून जागा मोकळी होते आणि एडीसी वाढतो. औषध चालतंय का, हे लवकर कळण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली.

आता त्या रिपोर्टकडे

'रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन' म्हणजे 'इथे पाणी नीट हलत नाहीये'. एवढंच. ते का हलत नाही, हे त्या शब्दांत नाही. पेशींची दाटी असेल, स्ट्रोकने फुगलेल्या पेशी असतील, किंवा घट्ट पू असेल. मेंदूत कडा उजळ आणि मध्य वेगळा अशी गाठ दिसली तर मध्यभागी डिफ्यूजन अडलेलं असणं हे पुवाच्या गळवाकडे बोट दाखवतं. ट्यूमरच्या कुजलेल्या मध्यभागी पाणी सहसा मोकळं असतं. म्हणजे इथे तेच दोन शब्द कॅन्सरच्या विरुद्ध बाजूने बोलतात! शिवाय निरोगी लिम्फ नोड्स आणि प्लीहाही या चित्रात उजळच दिसतात.

आणखी एक फसवणूक. काही भाग पाण्याच्या हालचालीमुळे नव्हे तर मुळातच सिग्नल जास्त असल्यामुळे पांढरा दिसतो. म्हणून रेडिओलॉजिस्ट एडीसीचा नकाशा सोबत बघतात. डिफ्यूजनमध्ये पांढरं आणि एडीसीत काळं, तरच हालचाल खरोखर अडली आहे. फोनवर आलेल्या एकाच चित्रावरून हे कळत नाही. रिपोर्टच्या शेवटचा 'इम्प्रेशन' हा भाग वाचा आणि डॉक्टरांना थेट विचारा: हे अडलेलं कशामुळे वाटतं, आणि खात्रीसाठी पुढची तपासणी कोणती?

११.७ टेस्ला

ल बिहान यांना २०१२ मध्ये जपानचं होंडा पारितोषिक मिळालं. पॅरिसजवळच्या साक्ले इथल्या न्यूरोस्पिन या केंद्राचे ते संस्थापक संचालक. त्यांची सगळीच मतं सर्वमान्य नाहीत. विचार करताना मज्जापेशी किंचित फुगतात आणि ते डिफ्यूजनने थेट पकडता येतं, या त्यांच्या दाव्यावर बरेच वाद झाले. मोठ्या चुंबकाचा हट्ट मात्र फळाला आला. न्यूरोस्पिनमधलं इझोल्ट हे ११.७ टेस्लाचं यंत्र. चुंबकाचं वजन १३२ टन, आत १८२ किलोमीटर सुपरकंडक्टिंग तार आणि उणे २७१ अंश सेल्सियसपर्यंत थंड केलेलं हेलियम. २०२१ मध्ये त्यात आधी एक भोपळा स्कॅन केला. एप्रिल २०२४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या मेंदूची चित्रं जाहीर झाली, चार मिनिटांत ०.२ मिलिमीटर बारकाव्याची.

तुमच्या जवळच्या सेंटरमधलं यंत्र मात्र १.५ किंवा ३ टेस्लाचं असेल. तिथे मेंदूचं डिफ्यूजन मिनिटा-दोन मिनिटांत उरकतं. कधी एमआरआयमध्ये झोपावं लागलं तर ते ओळखूही येईल: टेबल अचानक थरथरायला लागतं आणि कानठळ्या बसवणारा घूं-घूं आवाज येतो. ग्रेडियंट चालू-बंद होत असतात. तेवढा वेळ डोकं अजिबात हलवू नका.